अंगी न लागणारं औषध

आमच्या सोसायटीच्या पंपाच्या खोलीत मिठाच्या गोण्या रचून ठेवलेल्या असतात. बोअरचं पाणी जड. बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढायची, साबणाला फेस येत नसे, डाळ शिजता शिजायची नाही. शेवटी सॉफ्टनर बसवला. एकदा दुरुस्तीसाठी त्याची टाकी उघडली होती तेव्हा मेकॅनिकने आतला माल माझ्या ओंजळीत घातला. मधाच्या रंगाचे, माशाच्या गाभोळीसारखे बारीक मणी होते ते. पाण्यात राहून विरघळत नाहीत, चिकटत नाहीत, बोटांमधून नुसते निसटतात. मेकॅनिक त्यांना ‘रेझिन’ म्हणाला.

या मण्यांचं काम अदलाबदलीचं. पाण्यातलं कॅल्शियम मण्याला जाऊन बसतं आणि त्या जागेवरचं सोडियम पाण्यात सुटतं. सगळे मणी कॅल्शियमने भरले की टाकीत खारं पाणी सोडायचं. सोडियमची इतकी गर्दी होते की कॅल्शियमला उठावंच लागतं. गोण्या लागतात त्या यासाठी.

याच मण्यांचं एक भावंड गेली साठ-पासष्ट वर्षं माणसांच्या पोटात जात आलं आहे. त्याचं नाव कोलेस्टिरामिन. सांगाडा तोच, पॉलिस्टायरीनचा. म्हणजे घरचा नवा टीव्ही ज्या थर्माकोलमध्ये बसून येतो, त्याचं हे नातेवाईक. फरक विद्युतभाराचा. सॉफ्टनरच्या मण्यावर ऋणभार असतो म्हणून तो सोडियम धरून बसतो. या औषधाच्या कणांवर धनभार असतो म्हणून ते क्लोराइड धरतात. आतड्यात पोचल्यावर ते क्लोराइड सोडून देतात आणि त्या जागी पित्तातली आम्लं पकडतात.

खाल्लेलं अंगी लागावं अशी आपली सगळ्यांची इच्छा असते. ‘किती खातो, पण अंगी लागत नाही’ ही घराघरातली तक्रार. हे औषध मुळात अंगी न लागण्यासाठीच बनवलेलं आहे. तोंडातून शिरलेला कण पचत नाही, रक्तात जात नाही, आतड्याच्या बोगद्यातून सरळ पलीकडे बाहेर पडतो. आणि तरीही रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं. ज्या रक्ताला त्याने हातसुद्धा लावला नाही, त्याच्यातून हे औषध काही बाहेर कसं काढतं? याचं उत्तर शोधताना हृदयविकाराच्या संशोधनातला एक मोठा तुकडा हाती लागला.

आधी पित्ताकडे वळू. मराठीत या शब्दावर फार ओझं आहे. डोकं ठणकलं की पित्त, आंबट ढेकर आला की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त आणि त्यावर आमसुलाचं पाणी. डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात ते वेगळं. मासे साफ करणाऱ्या बाईला ते बरोबर ठाऊक असतं. पोट चिरताना ती एक हिरवट पिशवी जपून काढते, कारण ती फुटली तर मासा कडूजहर होतो. ते कडू पाणी म्हणजे पित्त. आपल्या यकृतातही ते तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि जेवण आलं की लहान आतड्यात उतरतं. ताटातलं तेल-तूप पाण्यात मिसळत नाही. पित्ताम्लं त्याचे बारीक थेंब करतात, तेलकट कढईवर भांड्याचा साबण करतो तसे.

ही पित्ताम्लं यकृत कशापासून बनवतं? कोलेस्टेरॉलपासून. कोलेस्टेरॉलचं नावच पित्तावरून पडलेलं आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पित्तखड्यांमध्ये एक मेणचट पांढरा पदार्थ सापडला. पुढे रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल याने ग्रीक भाषेतले ‘पित्त’ आणि ‘घट्ट’ असे दोन शब्द जोडून त्याचं बारसं केलं. (हा शेव्ह्रल १०२ वर्षं जगला.) रिपोर्टवर आपण ज्या शब्दाला घाबरतो त्याचा अर्थ एवढाच: घट्ट झालेलं पित्त.

शरीराने पित्ताम्लांचा संसार फार काटकसरीने मांडला आहे. एका वेळी अंगात असतात ती फक्त २ ते ४ ग्रॅम, अर्ध्या चमचा मिठाएवढी. एवढ्यात दिवसभराची जेवणं भागत नाहीत. म्हणून एकदा वापरलेली आम्लं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पुन्हा शोषली जातात, रक्तातून यकृतात परततात आणि पुन्हा पित्तातून उतरतात. दिवसात सहा ते दहा वेळा हा फेरा होतो. सुमारे ९५ टक्के माल दर फेरीला परत येतो. कोकणातल्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी गुरांच्या आंबोणात जातं आणि भांडी घासलेलं पाणी परसातल्या अळवाला, तशातली ही गोष्ट. दिवसाकाठी शौचावाटे वाया जातात ती फक्त अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. तेवढी भर यकृत कोलेस्टेरॉल मोडून घालतं. कोलेस्टेरॉल शरीराबाहेर जायचा मोठा रस्ता हाच, आणि शरीराने तो जवळजवळ बुजवून टाकलेला.

आपली कोलेस्टिरामिनची भुकटी नेमकी इथे आडवी येते. कणांना चिकटलेली पित्ताम्लं परत शोषली जात नाहीत, कणांबरोबर बाहेर पडतात. परतीचा माल कमी आला की यकृताला नवी आम्लं बनवावी लागतात. त्यासाठी कोलेस्टेरॉल हवं, आणि ते यकृत रक्तातून ओढून घेतं.

हे सगळं आज सरळ वाटतं. पण भुकटीची पहिली ओळख झाली ती निम्मी कोलेस्टेरॉलच्या आणि निम्मी खाजेच्या निमित्ताने. १९५९ मध्ये अमेरिकेत अशा रेझिनने माणसाच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं हे दाखवणारा निबंध आला. १९६१ मध्ये काविळीच्या खाजेवर त्याचा गुण येतो हे प्रसिद्ध झालं. पित्तनलिका तुंबली की पित्तातले पदार्थ रक्तात साचतात आणि अंगभर खाज सुटते. ही खाज नेमकी कोणामुळे उठते यावर अजून वाद आहे. पण भुकटीने ती कित्येकांना कमी होते हे खरं.

माझ्या मावशीच्या बाबतीत मी ते पाहिलं. नलिका अर्धवट अडकलेली, डोळे हळदीसारखे, आणि खाज अशी की रात्री उठून ती भांडी घासायच्या काथ्याने तळपाय घासून घ्यायची. अंगावर एक पुरळ नाही. खाज कातडीच्या आतून. शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत डॉक्टरांनी पुड्या लिहून दिल्या. पुडी पाण्यात घातली की पहिल्यांदा वर तरंगते, मग हळूहळू भिजून खाली बसू लागते. ढवळलं तरी विरघळत नाही. संत्र्याच्या वासाचं गढूळ पाणी होतं आणि तळाशी गाळ उरतो. त्यात पुन्हा पाणी घालून तोही प्यावा लागतो. ‘चौपाटीची वाळू पितेय,’ मावशी म्हणायची. एक पुडी नाश्त्याआधी आणि एक नंतर, कारण रात्रभर पित्ताशयात साठलेलं पित्त सकाळच्या पहिल्या खाण्याबरोबर उतरतं. तेव्हा भुकटी वाटेवर हजर हवी. आठवड्याभरात काथ्या मोरीत परत गेला. नलिका पूर्ण बंद असती तर मात्र काही उपयोग झाला नसता. पित्त आतड्यात येतच नसेल तर पकडणार काय?

१९७३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या भुकटीला मान्यता दिली. त्याच सुमारास एका मोठ्या प्रश्नाचा निकाल लावायला हीच भुकटी निवडली गेली. रक्तात कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो, हे तोवर दिसलं होतं. पण ते औषधाने खाली आणलं तर विकार टळतो का? तज्ज्ञांमध्ये यावर कडाक्याचं भांडण होतं. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो. म्हणून कोंबड्याचं तोंड बांधलं तर उजाडायचं थांबेल का, अशा जातीचा तो वाद.

उत्तर शोधायला अमेरिका आणि कॅनडातल्या बारा केंद्रांनी कंबर कसली. सुमारे ४,८०,००० पुरुषांची तपासणी करून त्यांतून ३,८०६ निवडले: वय ३५ ते ५९, कोलेस्टेरॉल चढलेलं, पण हृदयविकाराची काहीही खूण नसलेले. स्त्री एकही नाही. त्या काळी हे कोणाला खटकलंही नाही. अर्ध्यांना खऱ्या भुकटीच्या पुड्या, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या खोट्या. दोन्ही गटांना खाण्यातलं पथ्य सारखंच. कोणाला काय मिळतंय हे ना त्या माणसाला माहीत, ना त्याच्या डॉक्टरला. ठरलेली मात्रा दिवसाला ६ पुड्या, म्हणजे २४ ग्रॅम रेझिन, सरासरी ७.४ वर्षं. एकूण खर्च १५ कोटी डॉलर.

मला या प्रयोगातल्या त्या पुरुषांचं नवल वाटतं. धडधाकट माणसं, कुठे काही दुखत नाही, आणि सात वर्षं रोज वाळू प्यायची. पहिल्या वर्षी खऱ्या भुकटीवरच्या ६८ टक्के लोकांनी पोटाच्या तक्रारी सांगितल्या: पोट फुगणं, गॅस, कोठा घट्ट होणं. मजा म्हणजे खोट्या पुडीवरच्या ४३ टक्के लोकांनीही सांगितल्या. सातव्या वर्षी दोन्ही गटांतला हा फरक जवळपास मिटला. पण सहाच्या सहा पुड्या रोज कोण घेणार? खऱ्या गटाची सरासरी चारच्या आसपासच राहिली.

जानेवारी १९८४ मध्ये निकाल छापून आला. खोट्या गटाच्या तुलनेत भुकटीवाल्यांचं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १२.६ टक्के अधिक उतरलं होतं, आणि हृदयविकाराचा झटका किंवा त्याने येणारा मृत्यू यांचा धोका १९ टक्क्यांनी कमी झाला होता. ऐकायला हे घसघशीत वाटतं. आकडे उलगडून पाहिले तर सात वर्षांत खोट्या गटात १८७ जणांना तो फटका बसला आणि खऱ्या गटात १५५ जणांना. एकोणीसशेच्या गटात बत्तीस माणसं वाचली. एकूण मृत्यूंमध्ये फारसा फरक पडला नाही, कारण भुकटीच्या गटात अपघाती आणि हिंसक मृत्यू जास्त निघाले. आतड्याबाहेर न जाणाऱ्या औषधाचा मोटारीच्या अपघाताशी काय संबंध? बहुतेक काहीच नाही, तो योगायोगच असावा. पण विरोधकांना आयतं कोलीत मिळालं, आणि संख्याशास्त्राची कसोटी सैल लावली ही त्यांची दुसरी तक्रार तर अगदीच पोकळ नव्हती.

सामान्य वाचकापर्यंत यातलं काहीच पोचलं नाही. पोचलं ते २६ मार्च १९८४ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाचं मुखपृष्ठ: ताटलीत डोळ्यांच्या जागी दोन तळलेली अंडी आणि तोंडाच्या जागी खाली वाकलेली बेकनची पट्टी, रडका चेहरा. आता गंमत पहा. प्रयोग होता भुकटीचा. पथ्य दोन्ही गटांना एकच होतं, त्यामुळे अंड्याची परीक्षा त्यात झालीच नव्हती. तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं अंडं. पिवळा बलक काढून टाकायची चाल आपल्याकडच्या घरांतही पुढे आली, ती याच काळातल्या भीतीची धाकटी बहीण.

यकृत रक्तातून कोलेस्टेरॉल ओढतं ते कशाने, हे कोडं तोवर टेक्सासमधल्या डॅलसला सुटलं होतं. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या दोघांनी दाखवलं की पेशीच्या अंगावर एलडीएलला धरणारे हात असतात; शास्त्रीय भाषेत ग्राही. पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडलं की ती हात वाढवते, पुरेसं झालं की आखडते. भुकटीमुळे यकृताला तुटवडा पडतो, हात वाढतात, रक्तातलं एलडीएल वेचलं जातं. ज्या दुर्दैवी मुलांना आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक येतं त्यांच्या पेशींना हे हात जवळपास नसतातच. त्यांना भुकटी कितीही पाजली तरी गुण येत नाही. सिद्धान्ताचा पुरावा म्हणून याहून बोलका दाखला सापडणं कठीण. १९८५ चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं.

पण तुटवडा पडल्यावर यकृत आणखी एक गोष्ट करतं: घरच्या घरी कोलेस्टेरॉल बनवायचा कारखाना जोरात चालवतं. भुकटीचा काही फायदा तिथेच गळून जातो. तो कारखानाच बंद करणारा पदार्थ टोकियोत अकिरा एंडो या जपानी संशोधकाने १९७० च्या दशकात एका निळसर बुरशीतून काढला होता. त्या स्टॅटिन कुळातलं पहिलं औषध, लोव्हास्टॅटिन, सप्टेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. एक छोटी गोळी, रात्री पाण्याबरोबर, वाळू नाही, गाळ नाही, आणि एलडीएल भुकटीपेक्षा कितीतरी जास्त उतरणार. जानेवारी १९८४ पासून मोजलं तर भुकटीचं राज्य जेमतेम पावणेचार वर्षांचं. वाट तिने मोकळी केली आणि वरात स्टॅटिनची निघाली. पण स्टॅटिनच्या यशामागेही यकृताचे तेच वाढलेले हात आहेत.

आज भुकटी आणि तिची नवी रूपं उरली आहेत ती कोपऱ्यातल्या कामांना. कोलेसेव्हेलाम हे त्यांतलं सुधारलेलं रेझिन, २००० साली आलं. भुकटीऐवजी गोळ्या, पण दिवसाला सहा, आणि प्रत्येक चांगली भरभक्कम. स्टॅटिन सोसत नाही किंवा एकटं पुरत नाही अशांना ते देतात. एलडीएल १५ ते १८ टक्के उतरतं. मधुमेह असणाऱ्यांची साखरही त्याने थोडी उतरते, म्हणून २००८ मध्ये अमेरिकेत त्याही कामासाठी त्याला मान्यता मिळाली. रक्तात शिरत नसल्यामुळे लहान मुलांना आणि गरोदर बायकांना द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना या कुळाची आठवण होते.

या रेझिनची खोड अशी की पकडताना ते आपलं-परकं पाहत नाही. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, हृदयाचं डिगॉक्सिन, जे समोर येईल ते धरून बाहेर नेतं. म्हणून बाकीच्या गोळ्या भुकटीच्या किमान तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनी. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी आणि लगेच नाश्त्याआधी भुकटी असं घेणाऱ्याचा थायरॉइडचा रिपोर्ट बिघडला तर नवल नाही. अ, ड, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही कमी पडू शकतात. आणि ट्रायग्लिसराइड्स आधीच चढलेली असतील तर ती आणखी चढतात. आपल्याकडच्या पोट सुटलेल्या, साखर वाढलेल्या पुरुषांच्या रिपोर्टात हाच आकडा बहुधा वर असतो, त्यामुळे भारतात हे औषध फारसं रुळलं नाही यात मला आश्चर्य वाटत नाही.

त्याचा एक सौम्य देशी भाऊ मात्र घराघरात आहे. इसबगोल. गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारात ज्याचे ढीग लागतात तोच. त्याचा पाण्यात फुगलेला चिकट गोळा पित्ताम्लांचा काही भाग आपल्यात अडकवून नेतो आणि एलडीएल थोडं उतरवतो. १९९८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने इसबगोलाच्या पाकिटावर हृदयविकाराबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली. दोघांत गमतीचा फरक असा: एकाने कोठा आवळतो, दुसऱ्याने सैल होतो. रेझिन घेणाऱ्याला डॉक्टर कधीकधी इसबगोलच सोबत देतात.

भुकटीने केलेलं एक काम मात्र कोलेस्टेरॉलच्या पुस्तकांत सहसा येत नाही. १९७५ मध्ये व्हर्जिनियातल्या होपवेल गावात केपोन नावाचं कीटकनाशक बनवणाऱ्या एका लहान कारखान्यातले कामगार थरथरू लागले. हातात कप धरवेना, डोळे स्थिर राहीनात. कामगार त्याला ‘केपोनचा थरकाप’ म्हणत. एका स्थानिक डॉक्टरने रक्ताचा नमुना तपासायला पाठवला आणि कारखाना बंद झाला. पण शिरलेलं विष अंगातून जाईना. रिचमंडच्या डॉक्टरांना आढळलं की विष यकृतातून पित्तात उतरतं, आतड्यात येतं आणि तिथून पुन्हा शोषलं जातं; पित्ताम्लांच्याच फेऱ्याच्या वाटेने तेही गोल गोल फिरतंय. त्यांनी कामगारांना कोलेस्टिरामिन दिलं. रक्तातलं विष निम्मं व्हायला १६५ दिवस लागायचे ते ८० वर आले, आणि माणसं सावरू लागली.

कारखान्याचं सांडपाणी ज्या जेम्स नदीत गेलं, तिच्या गाळात ते विष जाऊन बसलं. डिसेंबर १९७५ मध्ये तिथली मासेमारी बंद करावी लागली, आणि शेवटचे निर्बंध उठायला तेरा वर्षं गेली.